हवा, सेन्सर आणि मिक्स्चर: पुण्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाना पेठेत एक चक्कर मारली की फिल्टर, सायलेन्सर, जेट, सेन्सर असं सगळं हातात पडतं. ते गाडीला बसवल्यावर इंजिनाच्या आत काय होतं, हे मात्र बिलावर लिहिलेलं नसतं. गाडी दाखवायला येणारी मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलंय. उत्तरं मुख्यतः पेट्रोलच्या दुचाकी-चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. सीएनजी आणि डिझेलचं पुढे वेगळं आहे.

मिक्स्चर म्हणजे नेमकं काय? १४.७ हा आकडा सगळे का सांगतात?

मिक्स्चर म्हणजे इंजिनात जाणारं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनाने, आकारमानाने नाही. आकारमानात बघायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला पुण्याची जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवाच ओढत असतं, आणि हवेच्या वाटेत केलेला छोटासा बदलही मिक्स्चरला का जाणवतो ते यावरून लक्षात यावं.

हवा जास्त झाली की लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. १४.७ च्या गुणोत्तराला लॅम्डा १ म्हणतात. १ च्या वर लीन, खाली रिच. गंमत अशी, की १४.७ ला ना सगळ्यात जास्त ताकद मिळते, ना सगळ्यात चांगलं ॲव्हरेज. ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, ॲव्हरेज १५.५-१६ कडे. तरी कंपन्या १४.७ ला चिकटून राहतात त्या सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही एकाच वेळी साफ करायचं काम तो फक्त या आकड्याच्या अगदी जवळ करू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आल्यावर तर दुचाकींनाही यातून सुटका राहिली नाही.

किती हवा आली हे ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळतं कसं?

खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत ते मोजलं जात नाही, अंदाजानं काढलं जातं. तीन पद्धती आहेत आणि तुमच्या गाडीत कुठली आहे यावर पुढची निम्मी उत्तरं अवलंबून आहेत.

पहिली, मॅफ सेन्सर. फिल्टरच्या मागच्या नळीत एक बारीक तापवलेली तार किंवा पट्टी असते. हवा जाते तशी ती थंड होते, आणि तिला गरम ठेवायला किती करंट लागला यावरून हवेचं वजन कळतं. ही थेट मोजणी. निष्क्रिय चालीला (रेस न देता, नुसतं चालू ठेवलेलं) गरम झालेलं १.२ लिटरचं इंजिन सेकंदाला साधारण २ ते ३ ग्रॅम हवा ओढतं.

दुसरी, मॅप सेन्सर. हा थ्रॉटलच्या (रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब बघतो. दाब, हवेचं तापमान, इंजिनाचे आरपीएम आणि कंपनीने टेस्ट बेंचवर भरून ठेवलेला तक्ता यांवरून ईसीयू हवेचा हिशेब करतो. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुतेक हीच पद्धत असते.

तिसरी पद्धत बाइकवाल्यांनी नीट समजून घ्यावी. बऱ्याच बाइक्समध्ये थोड्या रेसवर मॅप सेन्सरचं ऐकलं जातं, पण रेस जास्त पिळली की ईसीयू फक्त थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती हे बघून तक्त्यातून आकडा उचलतो. तिथे हवा मोजणारं कोणीच नसतं. तुम्ही एअरबॉक्सला (फिल्टरच्या डब्याला) भोक पाडा नाहीतर आख्खा काढून टाका, तक्ता जुन्या एअरबॉक्सचाच आहे.

म्हणून हवेच्या वाटेत कुठलाही बदल करायच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: हा बदल कुठल्या सेन्सरला दिसणार आहे का? दिसला तर ईसीयू सांभाळून घेईल. नाही दिसला तर मिक्स्चर बिघडेल, आणि ईसीयूला वाटेल सगळं आलबेल आहे.

माझ्या गाडीत मॅफ आहे की मॅप, कसं ओळखू?

एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या नळीवर वायर जोडलेला प्लॅस्टिकचा तुकडा दिसला, तर तो मॅफ असण्याची शक्यता जास्त. पण काही गाड्यांत तिथे नुसता तापमानाचा सेन्सर असतो. खात्री स्कॅनर (ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) देतो: लाइव्ह डेटामध्ये ग्रॅम प्रति सेकंद दिसलं तर मॅफ, फक्त किलोपास्कल दिसलं तर मॅप. काही गाड्यांत दोन्ही असतात.

ओटू सेन्सर आहे ना, तो सगळं दुरुस्त करेल. मग चिंता कशाला?

करतो, पण त्याच्या वेळेत आणि त्याच्या मर्यादेत.

ओटू सेन्सर सायलेन्सरच्या तोंडाशी बसून जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो. साधा सेन्सर लीन असताना ०.१ व्होल्टच्या आसपास आणि रिच असताना ०.९ च्या आसपास दाखवतो. मधलं त्याला फारसं कळत नाही. ‘थोडं लीन’ आणि ‘खूप लीन’ यातला फरक तो सांगू शकत नाही, म्हणून ईसीयू इंधन थोडं वाढवतो, थोडं कमी करतो आणि सेन्सरला ०.४५ च्या वर-खाली डोलवत ठेवतो. नव्या गाड्यांतले वाइडबँड सेन्सर नेमकं किती ते सांगतात, पण त्यांची रीडिंग वाचायची पद्धत वेगळी आहे, त्यांना ०.४५ चा हिशेब लावू नका.

आता मर्यादा. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसला तापल्याशिवाय काम करत नाही. गाडी सुरू केल्यावरचा पहिला काही वेळ ईसीयू त्याचं ऐकतच नाही. आणि तुम्ही रेस पूर्ण दिलीत की पुन्हा ऐकत नाही, कारण तिथे त्याला मुद्दाम रिच जायचं असतं. म्हणजे नेमकं ज्या वेळी तुम्ही लावलेल्या मोकळ्या फिल्टरमधून सर्वांत जास्त हवा येणार, इंजिन सर्वांत तापलेलं असणार, त्याच वेळी दुरुस्ती करणारा गडी सुट्टीवर असतो. एफसी रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये ठीक चालणारी बाइक एक्स्प्रेसवेला लागून असलेल्या जुन्या हायवेवर पूर्ण रेसवर तापते, ती यामुळे.

हल्लीचे ईसीयू ओटूकडून शिकलेली दुरुस्ती पूर्ण रेसलाही थोडीफार लावतात, हे खरं. पण कमी रेसवर शिकलेला धडा जास्त रेसवर लागू पडेलच असं नाही.

फ्युएल ट्रिम म्हणजे काय आणि ते कसं वाचायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ईसीयूने हिशेबाने जेवढं इंधन टाकायचं ठरवलं, त्यात ओटू सेन्सरचं ऐकून किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, ते म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, ती सतत हलते. लाँग टर्म म्हणजे लागलेली सवय. प्लस म्हणजे ईसीयू इंधन वाढवतोय, अर्थात त्याला गाडी लीन वाटतेय. मायनस म्हणजे उलटं. दोन्हींची बेरीज ±१० च्या आत असेल तर निवांत राहा. लाँग टर्म २५ च्या आसपास पोचलं की बहुतेक गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो आणि कोड येतो: लीनसाठी पी०१७१, रिचसाठी पी०१७२.

पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, तो कुठल्या आरपीएमला आला ते बघायचं. मॅफवाली एक जुनी सेडान घ्या. निष्क्रिय चालीला लाँग टर्म +१८. रेस देऊन २५०० आरपीएम धरले की हळूहळू +४ वर येतं. याचा अर्थ कुठेतरी हवा खेचतेय. मॅफच्या मागून, म्हणजे मोजणी झाल्यावर, चोरून हवा आत शिरतेय. निष्क्रिय चालीला इंजिन हवा ओढतंच थोडी, त्यामुळे चोरीच्या हवेचा वाटा मोठा. रेस दिल्यावर तीच गळती किरकोळ ठरते. अशा गाडीत थ्रॉटलकडे जाणारी रबरी नळी बघायची. वरून ती चांगलीच दिसते. दोन्ही हातांनी धरून तिच्या घड्या ताणल्या की घडीच्या तळाशी नखाएवढी चीर तोंड उघडते. तीही नीट असेल तर पीसीव्हीची (इंजिनातले वायू परत हवेच्या वाटेत आणणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डची गॅस्केट. इंजिन चालू ठेवून संशयाच्या जागी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला आणि आवाज क्षणभर बदलला, की जागा सापडली. वायरिंग आणि पंख्यापासून मात्र हात आणि फवारा दोन्ही लांब ठेवा.

आता उलटी गाडी: निष्क्रिय चालीला +३, आणि लोणावळ्याच्या चढाला +२०. इथे हवा चोरून येत नाहीये. एकतर मळलेला मॅफ जास्त हवेला कमी मोजतोय, किंवा पंप-फिल्टर गरजेइतकं पेट्रोल देत नाहीये. हेच दोन आकडे लिहून आणलेत तर तुमच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचेल.

मॅपवाल्या गाडीला ही युक्ती जशीच्या तशी लागू होत नाही. थ्रॉटलच्या पुढे हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅपला तो दिसतो आणि ईसीयू पेट्रोलही वाढवतो. मिक्स्चर जवळपास ठीक राहतं, पण गाडीची चाल चढते. ‘स्लो’चा स्क्रू शोधत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा) लावल्यावर पिकअप वाढतो का?

आवाज नक्की वाढतो. पिकअपचं सांगतो.

कंपनीचा एअरबॉक्स म्हणजे नुसता डबा नव्हे. त्याचा आकार आणि नळीची लांबी हवेच्या लाटांच्या हिशेबाने ठरवलेली असते, जेणेकरून ठरावीक आरपीएमला हवा सिलिंडरमध्ये ढकलली जावी. डबा काढून टाकला की हा ताल मोडतो. वरच्या आरपीएमला चार दाणे जास्त मिळाले तरी खालचा उठाव बहुधा कमी होतो, आणि कर्वे रोडवर आपण गाडी चालवतो ती खालच्याच आरपीएमला.

दुसरं, हवेचं तापमान. कंपनीचा डबा बाहेरची हवा घेतो. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन इंजिनाची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना ६० अंशांची हवा घेतली, तर घनता ७-८ टक्क्यांनी घटते. तेवढी ताकद फिल्टरने परत मिळवून दिली तरी तुम्ही फक्त पहिल्या जागी येता.

तिसरं मॅफवाल्यांसाठी, आणि हे पैसे देऊन घेतलेलं दुखणं आहे. मॅफ ज्या नळीत बसतो तिचा व्यास ईसीयूला ठाऊक आहे. बाजारातली नळी व्यासाने १० टक्के मोठी असली तर तिचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. तेवढीच हवा आता सावकाश वाहते, तार कमी थंड होते, आणि मॅफ खऱ्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी हवा सांगतो. ईसीयू तेवढंच पेट्रोल कमी टाकतो. ट्रिम +२१ च्या आसपास जाऊन सांभाळून घेतं, पण पूर्ण रेसला काय होणार ते वर सांगितलंय. शिवाय ट्रिमची बहुतेक मुभा अशीच खर्ची पडली. उद्या खरी गळती झाली तर लगेच दिवा.

मॅपवाल्या कारला मोकळ्या फिल्टरने मिक्स्चरचा धोका कमी, कारण वाढलेला दाब सेन्सरला दिसतो. बाइकला धोका सर्वांत जास्त. आणि चाकण-तळेगावच्या धुळीत उघड्या फिल्टरने सिलिंडरची जी घासपूस होते ती वेगळीच. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला कंपनीच्या डब्यात चांगला कागदी फिल्टर टाका आणि उरलेल्या पैशांत टायर घ्या.

तेल लावलेला, धुता येणारा फिल्टर चालेल का?

डब्यात बसणारा असेल तर चालेल, तेल मोजकंच लावा. जास्तीचं तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि तार हवेला नीट भेटत नाही. मॅफ साफ करायचा तर मॅफ क्लीनरचाच स्प्रे. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, बोट तर नकोच. वाळू द्या, मग बसवा.

माझी गाडी कार्बोरेटरची आहे. फिल्टर बदलला तर?

इथे हिशेब करणारा कोणी नाही, त्यामुळे जबाबदारी तुमची. कार्बोरेटरमधून पेट्रोल वर येतं ते वेंच्युरीत (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात) पडणाऱ्या कमी दाबामुळे. फिल्टरचा अडसर काढला की वेंच्युरीच्या मागची ओढ कमी होते आणि मिक्स्चर लीन जातं; म्हणून मोकळ्या फिल्टरला मोठं मेन जेट (पेट्रोल सोडणारं मापाचं छिद्र) लागतं. आणि मोकळा सायलेन्सरही लावला असेल तर आणखी मोठं.

किती मोठं, हे दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. एक-एक पायरी चढा आणि प्लग बघा. पूर्ण रेसवर थोडं अंतर मारून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं, मग प्लग काढायचा. निष्क्रिय चालीवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग निष्क्रिय चालीचंच मिक्स्चर सांगतो. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी म्हणजे बरोबर, पांढराफटक किंवा बारीक फोड आलेले म्हणजे लीन, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. जुन्या टू-स्ट्रोकला लीन कधीच ठेवू नका, पिस्टन सीझ होतो. दहा वेळा विचारून ‘ॲव्हरेजसाठी थोडं लीन करून द्या’ म्हणणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही.

व्हॅक्यूमवर सरकणारी स्लाइड असलेल्या कार्बोरेटरला कोन लावला की मधल्या रेसला गाडी अडखळते, आणि ती जेटने जात नाही. सुई आणि स्लाइडच्या भानगडीत पडण्यापेक्षा डबा परत लावलेला बरा.

मोकळा सायलेन्सर लावल्यापासून रेस सोडली की फटाके फुटतात. का?

रेस सोडल्यावर न जळलेलं थोडं इंधन सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे हवा मिळाली की पेटतं. जोडाच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत येत असेल तर जास्त.

पण यात एक चकवा आहे. ती गळती ओटू सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरचा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. सेन्सर म्हणतो लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. तरी सेन्सर लीनच म्हणतो, ईसीयू आणखी वाढवतो. स्कॅनरवर ट्रिम +२०, कोड लीनचा, आणि प्लग काढून बघावा तर काळा कुळकुळीत! स्कॅनर आणि प्लग एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देऊ लागले की प्लगवर विश्वास ठेवा आणि सायलेन्सरचे जोड तपासा. निकामी प्लगमुळे मिसिंग असेल तरीही असंच दिसतं, कारण न वापरला गेलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो.

पी०१७१ आला. ओटू सेन्सर बदलून टाकू?

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं होईल. कोड सांगतो की सेन्सरला गाडी लीन दिसली. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. आधी हवेची गळती, मग मॅफ, मग इंधनाचा दाब, मग सायलेन्सरचे जोड. सेन्सरची पाळी त्यानंतर.

फिल्टर चोक झाला तर ॲव्हरेज पडतं का?

कार्बोरेटरच्या गाडीचं पडतं, रिच होते. इंजेक्शनच्या पेट्रोल कारचं जवळपास पडत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे मोजून दाखवलं होतं: नव्या गाड्यांत मळलेल्या फिल्टरने ॲव्हरेजला फारसा धक्का नाही, पिकअपला मात्र बसतो. कारण सोपं आहे. थ्रॉटल स्वतःच हवा अडवत असतो. फिल्टरने थोडी आणखी अडवली तर तुमचा पाय नकळत थ्रॉटल थोडा जास्त उघडतो आणि ईसीयू आलेल्या हवेपुरतंच पेट्रोल टाकतो. म्हणून फिल्टर वेळेवर बदला, पण ॲव्हरेज पडल्याचं खापर त्याच्यावर फोडू नका. टायरची हवा आणि कूलंटचा सेन्सर आधी बघा. तो सेन्सर इंजिन कायम थंड आहे असं सांगत असेल तर ईसीयू दिवसभर चोक लावल्यासारखं पेट्रोल टाकत राहतो.

महाबळेश्वरला गेलं की गाडी गुदमरते. सेन्सर गेला का?

गाडी कार्बोरेटरची असेल तर ते स्वाभाविक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कल. मुंबईला तो १०१ च्या आसपास. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, दाब ८६. पसरणी घाट चढून वर गेलात की हवा विरळ होते, पण जेट तेवढंच राहतं, म्हणून पुण्यात बरोबर असलेलं मिक्स्चर वर तीन-चार टक्के रिच होतं.

इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो. मिक्स्चर बिघडत नाही, ताकद मात्र कमी होणारच. सिलिंडरमध्ये हवाच कमी आली त्याला कोण काय करणार. इंजेक्शनची गाडी वर जाऊन काळा धूर टाकत असेल किंवा झटके देत असेल, तर मॅप सेन्सर आणि त्याचं कनेक्शन बघा.

डिसेंबरच्या सकाळी गाडी जास्त छान पळते, असं वाटतं ते खरं का?

खरं आहे. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के घन असते.

याच गोष्टीचा फायदा घेऊन ‘पॉवर चिप’ विकतात. डबीत एक रेझिस्टर असतो, तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरऐवजी जोडायचा. हा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. रेझिस्टर मोठा लावला की ईसीयूला वाटतं हवा कायम थंडगार आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. हवा मात्र एक कणही वाढलेली नसते. थोड्या वेळात ओटू सेन्सर ते जादा पेट्रोल काढून टाकतो, उरतं ते पूर्ण रेसचं रिच मिक्स्चर. नव्याचे नऊ दिवससुद्धा नाहीत.

ई२० पेट्रोलमुळे मिक्स्चर लीन होतं म्हणतात?

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते: ९ ला १. वीस टक्के मिसळलं की पेट्रोलचं १४.७ साधारण १३.५ वर येतं. आधीच्या ई१० ला ते १४.१ होतं. म्हणजे ई१० वरून ई२० वर आलात तर त्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन हवं. ओटू सेन्सर उरलेला ऑक्सिजन बघतो, इंधनाचं नाव विचारत नाही. त्यामुळे इंजेक्शनची चांगली गाडी ट्रिम चार-पाच प्लसकडे सरकवून हे पचवते. आधीच गळतीने +१५ वर असलेली गाडी मात्र पचवू शकत नाही. दिवा ई२० ने लागला असं वाटतं, आजार जुना असतो.

कार्बोरेटरच्या गाडीला हा लीनपणा तसाच राहतो. मिक्स्चर स्क्रू आणि गरज पडली तर जेट बघून घ्या. ॲव्हरेज थोडं पडणार हे गृहीत धरा, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा आहे.

सीएनजी किट लावल्यापासून पेट्रोलवर सुरू करताना त्रास होतो.

सिक्वेन्शियल किटचा संगणक पेट्रोलच्या ईसीयूने ठरवलेली इंजेक्टरची वेळ घेतो आणि ती गॅसच्या हिशेबात बदलतो. गॅसचं सेटिंग चुकलेलं असेल तर गॅसवर चालताना ओटू सेन्सर तक्रार करतो आणि ईसीयू लाँग टर्म ट्रिम फिरवून ठेवतो. सकाळी पेट्रोलवर सुरू केलं की तेच चुकीचं ट्रिम पेट्रोलला लागतं. किट लावणाऱ्याकडून गाडी चालवत, स्कॅनर लावून गॅसचा तक्ता करून घ्या: गॅसवर आणि पेट्रोलवर ट्रिम सारखं दिसलं पाहिजे. जागेवर उभी करून केलेलं सेटिंग अर्धवट असतं.

डिझेललाही हेच सगळं लागू?

नाही. डिझेल नेहमी लीनच चालतं. ताकद हवेने नाही, टाकलेल्या डिझेलने ठरते. तिथे मॅफचा मुख्य उपयोग ईजीआर (जळून गेलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) सांभाळायला आणि धूर रोखायला. मॅफ मळला किंवा टर्बोची नळी फाटली की पिकअप जातो, आणि नळी फाटली असेल तर बहुधा काळा धूरही येतो.

बॅटरी काढून ईसीयू रिसेट केला की गाडी मस्त होते. दर महिन्याला करू का?

शिकलेलं ट्रिम पुसलं जातं एवढंच. गळती तिथेच असेल तर गाडी तेच पुन्हा शिकते.

पावसाळ्यात काय बघायचं?

कागदी फिल्टर भिजला की हवा अडते, तो वाळवून वापरू नका, बदला. बंपरच्या खाली तोंड असलेली ‘कोल्ड एअर’ नळी पावसाळ्यात काढून ठेवा. सिंहगड रस्त्याला किंवा एखाद्या भुयारी मार्गात गुडघाभर पाणी साचलं आणि त्या नळीने एक घोट घेतला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या नळीचं तोंड उगाच वर ठेवलेलं नसतं. सेन्सरचे कनेक्टर काढून पिना हिरव्या पडल्या आहेत का तेवढं बघा.

पीयूसी आणि कायद्याचं काय?

इंजेक्शनच्या पेट्रोल कारच्या पीयूसीत जास्त आरपीएमला लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. हवा खेचणारी किंवा सायलेन्सरचा जोड गळणारी गाडी इथेच अडकते. कायद्याने म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून केलेले बदल रोखतं, आणि कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीतल्या गाडीचा ओटू सेन्सर काढून तिथे डमी बसवणं तर स्वतःच्या हाताने वॉरंटी फाडण्यासारखं आहे.

पिगीबॅक (ईसीयूला जोडायची जादा डबी) किंवा रिमॅप (ईसीयूचा तक्ता बदलणं) केलं तर मोकळा फिल्टर चालेल?

तांत्रिकदृष्ट्या हाच योग्य मार्ग, कारण सेन्सरला न दिसणारी हवा तुम्ही तक्त्यात भरता. मात्र वाइडबँड लावून, डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तुमच्याच गाडीवर केलेलं असेल तर. मोबाइलवरून पाठवलेला ‘रेडी मॅप’ (तयार तक्ता) दुसऱ्या कुणाच्या तरी फिल्टर-सायलेन्सरचा असतो. ट्रॅकवर जाणाऱ्या बाइकला करा. ऑफिसला जाणाऱ्या गाडीला मी सुचवणार नाही.

घरच्या घरी बघायला कुठला स्कॅनर घेऊ?

कारला मोबाइलशी जोडणारा साधा ओबीडी ॲडॅप्टर पुरतो, लाइव्ह डेटा दाखवणारा घ्या. बीएस ६ बाइकला बहुधा सहा पिनांचा कनेक्टर असतो, त्यासाठी जोडकेबल वेगळी लागते. घेतल्यावर पहिली तपासणी फुकटात होते: इंजिन सुरू न करता किल्ली ऑन करा आणि मॅपचा आकडा बघा. पुण्यात तो ९४-९५ च्या जवळ हवा. इंजिन सुरू करून गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून, तो ३० ते ४० वर उतरला पाहिजे. किल्ली ऑनलाच १०१ किंवा ८८ दिसत असेल, तर बाकी काही उघडायच्या आधी त्या सेन्सरची वायर आणि कनेक्टर तपासून घ्या.